रातांबा, भिरंड, आमसूल, आगळ: सगळंच 'कोकम'?

प्रश्न: दुकानात पाकिटावरही 'कोकम' आणि बाटलीवरही 'कोकम'. पाककृतींत मात्र आमसूल, सोलं, आगळ असे शब्द येतात. हे समानार्थी आहेत का? आणि 'भिरंड' हा शब्द मराठी की कोंकणी?

गुहागर: समानार्थी अजिबात नाहीत. झाडावरचं पिकलेलं फळ तो रातांबा ('राता' म्हणजे तांबडा). फळ फोडून गर-बिया काढल्या की उरलेल्या सालीचं आमसूल होतं, पण नुसतं वाळवून नव्हे. गराला मीठ लावून सुटलेल्या रसात साली बुडवायच्या, कडक उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. याला पुटं देणं म्हणतात. पाच-सहा पुटं बसलेलं आमसूल काळसर आणि लवचीक असतं. घाईत एकदाच वाळवलेलं फिकट राहतं, आंबटपणाला कमी पडतं आणि पावसाळ्यात बुरशी धरतं.

आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस. किलोभर फळांना साधारण 150 ग्रॅम मीठ, साखर अजिबात नाही. सरबताच्या पाकात मात्र साखर सालींच्या दुप्पट. दोन्ही बाटल्यांवर 'कोकम' एवढंच छापलं की सोलकढी गोड होते ती इथेच.

वेंगुर्ले: आमच्याकडे फळ ते भिरंड आणि वाळवलेली साल ती सोलं. सोलकढी हे नाव त्यावरूनच. एका नारळाच्या दोन वाट्या घट्ट दुधाला दोन-तीन चमचे आगळ, ठेचलेली लसूण-मिरची. मीठ चाखूनच घाला, आगळात ते असतंच. कढी उकळू नये, फुटते. नारळाच्या दुधाशिवाय करतात ती तिवळ. गुलाबी रंगासाठी बीट घालायची पद्धत हल्ली दिसते. आगळ चांगलं असेल तर बिटाची गरज नाही.

पुणे: इकडे 'आमसूल' हाच शब्द. श्राद्धाच्या पानातली चटणीही आमसुलाचीच. एक सूचना: आमटीत आमसूल डाळ शिजल्यावरच घालावं, आंबटात डाळ शिजत नाही.

पेडणे: 'भिरंड कोणाचं?' या प्रश्नामागे जुनं भांडण आहे. 1967 चा जनमत कौल (गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का यावरचा), कोंकणीला राजभाषा करणारा 1987 चा राजभाषा कायदा या काळात गोव्यात रोजचे शब्दसुद्धा मराठी-कोंकणी अशा दोन ढिगांत वाटले गेले. भिरंड त्या वाटणीच्या फार आधीचं आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्तानं 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात हे फळ 'ब्रिंदांव' म्हणून नोंदवलं आहे, ते याच शब्दाचं पोर्तुगीज रूप. गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर तो बोलला जातो. म्हणून कोशात 'कोंकणी आणि दक्षिण कोकणातील मराठी' अशीच नोंद हवी. एकाच भाषेच्या नावावर तो चढवणं चूक आहे. बियांपासून काढलेल्या तेलाचं 'भिरंडेल' हे नावही त्यातूनच आलं.

गुहागर: सहमत. 2016 साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं तेही 'कोकम' याच नावानं. झाडाला आणि व्यापाराला ते नाव चालेल. पाककृती लिहिताना मात्र आगळ की आमसूल ते स्पष्ट लिहा. आगळ मिळत नसेल तर आठ-दहा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा आणि गाळून घ्या. हे पाणी आगळापेक्षा बरंच पातळ असतं, म्हणून नारळाचं दूध तेवढं घट्ट ठेवा.