आशाताईंसाठीचं २० मिनिटांचं मॉड्यूल ४८ स्लाइडचं झालं, कापू कुठून?

एमएड_दुसरं_वर्ष (नागपूर)
इन्स्ट्रक्शनल डिझाइनच्या (शिकवण्याची आखणी) पेपरसाठी मॉड्यूल करून राहिली आहे. विषय: जुलाब झालेल्या लेकराला ओआरएस. शिकणाऱ्या कामठी आणि हिंगणा तालुक्यातल्या आशाताई, मोबाइलवर, वेळ २० मिनिटं. विषयतज्ज्ञांनी दिलेलं सगळं मांडता मांडता ४८ स्लाइड झाल्या. ‘ओआरएसचं महत्त्व समजेल’ अशी चार उद्दिष्टं होती. एकही तपासता येत नाही म्हणून गाइडनी परत पाठवली. ब्लूमच्या तक्त्यातली (शिकण्याच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेली) क्रियापदं घातली, तरी तेच. शिवाय मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) मार्कही नोंदले जात नाहीत. काहून?

संत्र्याची_फोड
क्रियापद बदलून भागत नाही. ‘समजेल’च्या जागी ‘स्पष्ट करेल’ आलं, पण ताई काय करताना दिसली पाहिजे? रॉबर्ट मेगर या शिक्षणतज्ज्ञाने १९६२ मध्येच उद्दिष्टाचे तीन भाग सांगितलेत: कृती, परिस्थिती, अचूकतेची अट. म्हणजे असं: ‘पाकीट, स्वच्छ पाणी आणि त्याच घरातली भांडी असताना, ताई आईकडून १ लिटर पाण्यात पूर्ण पाकिटाचं द्रावण करवून घेईल, पाण्याचं माप चुकणार नाही.’ ‘करवून घेईल’ हे महत्त्वाचं. द्रावण ताईने स्वतः केलं की उद्या घरात पुन्हा चुकतंच.

तज्ज्ञांना ‘काय शिकवू?’ विचारलं तर ते सगळंच सांगणार. ‘घरी नेमकं काय चुकतं?’ असं विचारा. लेकरू पेलाभरच पिणार म्हणून अर्धं पाकीट पेल्यात, उरलेलं फडताळात. द्रावण दाट झालं तर मीठ जास्त होतं आणि ते लेकराला घातक. पातळ झालं तर उपयोग कमी. दुसरी चूक मापाची. एका घरचा गडवा पाऊण लिटरचा, दुसरीकडचा सव्वा. तिसरी, २४ तासांनंतरचं द्रावण न फेकता पाजणं. चौथी, जुलाब थांबले की ओआरएससोबत दिलेल्या झिंकच्या गोळ्या बंद.

आता प्रत्येक स्लाइडला विचारा, ही काढली तर चारपैकी कोणती चूक वाढेल? उत्तर नसेल तर स्लाइड गेली. जंतूंची चित्रं पहिल्या फेरीतच जातील.

रकाना_क्र_४
वरचं पटलं. स्लाइडींच्या आधी चाचणी लिहा. ‘ओआरएस किती पाण्यात?’ हा प्रश्न फुकट, ते पाकिटावरच छापलेलं असतं. प्रसंग द्या: आई म्हणते, ‘ताई, पोट्टं एवढं पीत नाही, अर्धंच टाकतो नं.’ तुम्ही काय कराल? चुकीचे पर्याय त्या चार चुकांतूनच उचला. चुकल्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच दाखवू नका. अर्ध्या पाकिटाचा अंदाज डोळ्याने येत नाही, मीठ जास्त पडलं तर काय होतं, ते तिथेच दाखवा.

स्टोरीबोर्डला, म्हणजे स्क्रीनवार आराखड्याला, पाच रकाने: स्क्रीन क्रमांक, दिसेल काय, ऐकू येईल काय, ताई करेल काय, पुढे कुठे. चौथा रकाना सलग तीन स्क्रीन रिकामा दिसला की समजा भाषण सुरू झालं. निवेदन मिनिटाला १०० शब्द धरा. २० पैकी ८ मिनिटं निवेदन, म्हणजे ८०० शब्द. उरलेला वेळ तिच्या हातात. पडद्यावरची वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवू नका. डोळे आणि कान एकाच मजकुरात अडकले की चित्र बघायचं राहून जातं. आकडे मात्र पडद्यावर ठेवाच.

झिपवाला
मार्कांसाठी आधी हे बघा: शिक्षक म्हणून प्रीव्ह्यूत उघडता का? प्रीव्ह्यूत नोंद होत नाही, विद्यार्थ्याच्या खात्यातून तपासा. मग ऑथरिंग टूलमध्ये (ज्यात मॉड्यूल बनवलं ते सॉफ्टवेअर) निकालाच्या स्लाइडवरून गुण पाठवायचं निवडलंय का ते पाहा. मूडलमध्ये ग्रेडिंग पद्धत ‘लर्निंग ऑब्जेक्ट्स’ असेल तर ८० ऐवजी १ दिसतो. ‘हायेस्ट ग्रेड’ करा. स्कॉर्म १.२ मध्ये (मॉड्यूल मूडलला जोडायचा ठरावीक साचा) अर्धवट सोडलेल्या जागेची माहिती ४०९६ अक्षरांतच मावते. ४८ स्लाइडी आणि त्यात ढीगभर प्रश्न असतील तर ताई पुन्हा पहिल्या स्क्रीनवर.

मूडलवर चढवायला झिप करताना बाहेरचं फोल्डर नको, आतल्या फायली निवडा. आणि तज्ज्ञांची फाइल कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोड करून रफार आणि ‘ऱ्ह’ डोळ्यांनी तपासा, तेच आधी तुटतात.

एमएड_दुसरं_वर्ष (नागपूर)
प्रीव्ह्यूच होतं! ४८ च्या १९ झाल्या. झिंकच्या मात्रेच्या तीन स्लाइडी अजून आहेत, त्या कुठे बसवू?

संत्र्याची_फोड
कुठेच नाही. २ ते ६ महिने १० मिलिग्रॅम, त्यापुढे ५ वर्षांपर्यंत २०, दोन्हीकडे १४ दिवस. २० ची गोळी असेल तर लहान्याला अर्धी. हे पाठ करून घ्यायचं नसतं, पिशवीत राहील असं कार्ड करा. मॉड्यूलमध्ये एकच सराव: लेकराचं वय दिलंय, कार्ड बघून मात्रा सांगा.