मिक्सरला लॅपटॉप जोडला आणि गाणारीचा आवाजच गेला

प्रेषक: कार्यक्रम समिती

काका, नमस्कार.

काल तालमीत डीजे मिक्सर पहिल्यांदा जोडला. लॅपटॉपवर गाणं लावलं, तर बाजूची वाद्यं छान ऐकू येतात, पण गाणारीचा आवाज जवळजवळ नाहीच. विहिरीतून यावा तसा नुसता घुमारा. हेडफोन थेट लॅपटॉपला लावला की तेच गाणं स्वच्छ. वायरच्या एका टोकाला हेडफोनसारखी बारीक पिन आहे, दुसऱ्या टोकाला जाड. ती मिक्सरच्या मागे मोठ्या सॉकेटमध्ये नीट बसली होती.

रेकॉर्ड प्लेअरचं वेगळंच. आवाज इतका बारीक की गेन (मिक्सरमध्ये येणारा आवाज वाढवायचं बटण) शेवटपर्यंत फिरवला, आणि मग घूंऽऽ असा आवाज थांबेचना. शनिवारी दोन्ही लागणार आहेत. कुठे चुकतंय?

*

प्रेषक: काका

अगं, वायर फेकू नकोस आणि लॅपटॉपलाही दोष देऊ नकोस. दोन्ही धडधाकट आहेत.

ती जाड पिन हातात घेऊन बघ. तिच्यावर दोन काळ्या कड्या दिसतील. त्यांच्यामुळे पिनचे तीन भाग होतात: टोक, मधला भाग आणि बूड. तुझ्या वायरीत टोकाला डावा आवाज, मधल्या भागाला उजवा, बुडाला अर्थ, म्हणजे अर्थिंग. तू ती ज्या सॉकेटमध्ये घातलीस ते बहुधा माइकचं आहे. तेही तीनच भाग ओळखतं, पण त्याचा हिशेब निराळा. माइकची वायर लांब असते आणि वाटेत खरखर गोळा करते. म्हणून तोच आवाज दोन तारांतून पाठवतात, एकीत सुलट आणि दुसरीत उलट. मिक्सर एका तारेतून दुसरी वजा करतो. खरखर दोन्हीकडे सारखीच पडलेली असते, ती वजाबाकीत जाते, आणि उलट-सुलट आवाज मिळून दुप्पट होतो. याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात.

आता तुझं काय झालं बघ. मिक्सरने डाव्यातून उजवा वजा केला. गाणारीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखा. मिक्सरने त्याला खरखर समजून काढून टाकलं! उरली ती एका बाजूला ठेवलेली वाद्यं आणि आवाजाभोवतीचा घुमारा. मी हा प्रकार पहिल्यांदा ऐकला तेव्हा अर्धा दिवस स्पीकर तपासत बसलो होतो, म्हणून इतकं लांबण लावतोय. पिन बसली की जोडणी झाली असं आपण धरून चालतो. सॉकेटवर काय छापलंय ते आधी वाचायचं.

तुला हवी ती वायर अशी: एका टोकाला ३.५ मिमीची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना, लाल आणि पांढरी. लाल म्हणजे उजवा, पांढरी म्हणजे डावा. त्या चॅनलच्या 'लाइन' लिहिलेल्या जोडीत घाल. वरचा निवडीचा स्विचही लाइनवरच हवा; तो विसरला की सगळं बरोबर जोडूनही शांतता.

रेकॉर्ड प्लेअर मात्र 'फोनो'ला. सुईतून येणारा विद्युतदाब जेमतेम काही मिलिव्होल्ट असतो, लाइनचा ०.३ व्होल्टच्या आसपास. म्हणून तुला आवाज बारीक वाटला. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच फार रुंद होईल, आणि वरचे सूर वाढवतात. १९५४पासून त्याचं ठरलेलं प्रमाण आहे. फोनोचं सॉकेट ते उलटं फिरवून मूळ आवाज परत देतं. लॅपटॉप चुकूनही तिथे लावू नकोस, आवाज फाटेल. एक बघून घे: काही प्लेअरना मागे फोनो आणि लाइन असा स्विच असतो. तो लाइनवर असेल, तर मिक्सरलाही लाइनच. दोनदा वाढवायचं नाही.

घूं आवाजासाठी: प्लेअरमधून आरसीएबरोबर एक सुटी बारीक तार येते का? तिच्या टोकाला काट्यासारखी पट्टी असते. मिक्सरच्या मागे जीएनडी (ग्राउंड, म्हणजे अर्थ) लिहिलेला स्क्रू सैल करून ती त्याखाली घट्ट आवळ. बहुतेक वेळा घूं तिथेच थांबतं.

*

प्रेषक: एक सभासद

ताई, आमच्याकडे लॅपटॉप चार्जरवर असला की गुणगुण यायची, बॅटरीवर बंद. तेही करून बघा.

*

प्रेषक: काका

हे अगदी बरोबर. अर्थ दोन वाटांनी पोहोचला की ही गुणगुण लागते. कार्यक्रमभर बॅटरी पुरणार नसेल, तर लॅपटॉप आणि मिक्सरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला, अर्थची ही दुहेरी वाट तोडणारी छोटी डबी असते. पण कुणीही सांगितलं तरी प्लगची अर्थची पिन तोडायची नाही, तिच्यावर चिकटपट्टीही लावायची नाही. ती माणूस वाचवण्यासाठी आहे. माइक धरलेल्या हाताला झटका बसलेला मी पाहिलाय.

स्पीकरकडे जाताना मास्टरच्या, म्हणजे मिक्सरमधून बाहेर पडणाऱ्या एकत्र आवाजाच्या, एक्सएलआर (गोल, तीन पिनांच्या) सॉकेटमधून जा, लांब पल्ल्याला तीच वायर. स्पीकरच्या मागचा स्विच माइकवर नको, लाइनवर. सुरू करताना आधी लॅपटॉप, प्लेअर, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी स्पीकर. बंद करताना स्पीकर आधी, म्हणजे धप्प होत नाही. गेन लावताना गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवून बघ. दिवे हिरवे, अधूनमधून पिवळे चालतील. लाल लागला तर गेन कमी कर, मास्टर नव्हे.

*

प्रेषक: कार्यक्रम समिती

काका, आरसीएची वायर आणली. गाणारी परत आली! पहिली ओळ ऐकली आणि तालमीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बारीक तार प्लेअरखाली गुंडाळून ठेवलेली होती, कुणालाच दिसली नव्हती. स्क्रूखाली आवळताच घूं थांबलं. चार्जरची गुणगुण किंचित आहे, आयसोलेटर उद्या लावते. जुनी जाड पिनची वायर माइकच्या पेटीतून काढून वेगळ्या पिशवीत ठेवली आहे आणि पिशवीवर लिहिलंय: 'माइकच्या सॉकेटला लावू नये'.