शनिवारवाड्यापुढची एकटी व्यक्ती फोटोत हरवते

मुठाकाठ:
गेले चार रविवार सकाळी आठच्या सुमारास शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात जातेय. तिथे एक मावशी खराट्याने झाडत असतात. मागे वाड्याचा मुख्य दिल्ली दरवाजा, दोन्ही अंगांना बुरूज, आणि एवढ्या पटांगणात त्या एकट्या. प्रत्येक वेळी मी थबकते. फोटोत मात्र त्या सापडत नाहीत. जवळ गेले तर दरवाजा किरकोळ वाटतो, लांब गेले तर त्यांची गडद हिरवी साडी दगडात मिसळून जाते. कॅमेरा साधा, लेन्स १८-५५ (१८वर बरंच दृश्य मावतं, ५५वर लांबचं मोठं दिसतं). मावशी मला लहानच हव्यात, पण हरवायला नकोत. काय चुकतंय?

ओंजळ:
मागचं सगळं धूसर करून टाका, त्या आपोआप उठून दिसतील.

जुना_रोल:
धूसर करू नका. दरवाजाच गेला तर त्या एकट्या आहेत हे कळणार कशावरून?

याच पटांगणात मी रोलच्या काळापासून फोटो काढतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दिल्ली दरवाजाचं तोंड उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे दरवाजाच्या दर्शनी बाजूवर दिवसभर ऊन येत नाही आणि तटाची सावली पटांगणात पुढे पडते. मावशी त्या सावलीत आहेत तोवर गडद साडी गडद दगडावर जाणारच. सावलीची कड कुठे पडलीय ते आधी बघा आणि मावशी ती ओलांडून उन्हात येईपर्यंत थांबा. मग मागे काळोखी भिंत, पुढे उजळलेल्या मावशी. त्या वेळी ऊन तुमच्या समोरून, डावीकडून येतं. खांद्याला, पदराला उजळ रेघ येते, उडालेली धूळही चमकते. लेन्सवर हाताचा आडोसा मात्र धरा. आणि एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे कॅमेऱ्यात जाणारा प्रकाश निम्मा, नाहीतर कॅमेरा ती काळी भिंत उजळवायला जातो आणि मावशी पांढऱ्याफटक होतात.

आता अंतर. समजा तुम्ही त्यांच्यापासून २० फुटांवर आहात आणि दरवाजा त्यांच्या मागे ४० फूट. म्हणजे दरवाजा त्यांच्या तिप्पट लांब, म्हणून तो किरकोळ दिसतो. मागे सरकून १२० फुटांवर जा. आता दरवाजा १६० फुटांवर, त्यांच्या सव्वापटीहून थोडाच जास्त. तो खऱ्या मापाने त्यांच्यामागे उभा राहतो. लांब जाऊन ५५वर काढा. तुम्ही लांब गेलात तरी लेन्स १८वरच ठेवली असणार, म्हणून मावशींचा ठिपका झाला.

आणि एवढ्या लहान आकृतीत चेहरा दिसत नाही. माणूस ओळखू येतो तो हातापायांच्या ठेवणीवरून. खराटा पूर्ण बाहेर गेलेला आणि पाय एकमेकांपासून सुटे, त्या क्षणी बटण दाबा. शटर १/५०० सेकंद, म्हणजे हालचाल गोठते.

पेठेतली:
मावशींना माहीत आहे का, त्यांचे फोटो निघतायत ते? माझी आई रस्ते झाडायची. लांबून कोणी कॅमेरा रोखला की ती काम थांबवून पाठ फिरवायची.

मुठाकाठ:
पेठेतली, चार रविवार मी एकदाही विचारलं नव्हतं. वाचून फार लागलं.

आज आधी त्यांच्याकडे गेले. "काढ की," म्हणाल्या आणि खराटा बाजूला ठेवून, डोक्यावर पदर घेऊन ताठ उभ्या राहिल्या. तो फोटो काढला. मग त्या कामाला लागल्या आणि मी मागे जात जात पार बाजीरावांच्या पुतळ्यापाशी पोहोचले. पाऊण तास थांबले. सावलीच्या कडेवर त्या तीनदा आल्या. दोनदा मधे कोणी ना कोणी आलं, तिसऱ्यांदा जमलं. धूळ अगदी जुना_रोल म्हणाले तशीच पेटल्यासारखी दिसतेय.

दाखवला तर म्हणाल्या, "यात मी कुठंय?" मोठा करून खराटा दाखवला तेव्हा कुठे पटलं. प्रिंट त्यांना उभ्या राहिलेल्या फोटोचीच हवी आहे. पुढच्या रविवारी दोन्ही नेते.