अध्यक्षांना दोन मुदतींनंतर घरी पाठवावं का?

पोटनियम:
वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेत अध्यक्षपदाच्या तीन-तीन वर्षांच्या दोनच मुदती असाव्यात आणि मग एक मुदत सक्तीची सुट्टी, हे थेट घटनेत लिहावं असं माझं मत. 'माणूस चांगला आहे, राहू दे' हा युक्तिवाद चांगल्या माणसाबद्दलच होतो, घोळ तिथेच आहे. लोकशाही मानणाऱ्या संघटनांतही सूत्रं मूठभरांच्या हाती जातात, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्येच मांडलं. त्यासाठी कुणाची नियत खोटी असावी लागत नाही. माहिती, ओळखी आणि सभा चालवायचं कसब एकाच जागी साठत जातं. आठव्या वर्षी समोर उभं राहायला कुणी उरत नाही आणि 'बिनविरोध' म्हणून टाळ्या पडतात.

जमाखर्च:
साफ अमान्य. मर्यादा घातली की सत्ता सभासदांकडे येत नाही, पगारी कार्यालयाकडे जाते. अध्यक्षाचं पहिलं वर्ष फायली समजण्यात जातं, व्यवस्थापक मात्र पंधरा वर्षं तिथेच. बैठकीच्या आदल्या रात्री साठ पानांचा गठ्ठा धाडला की नवखी कार्यकारिणी मान डोलावण्यापलीकडे काय करणार? शिवाय मोठा देणगीदार पावती संस्थेची घेतो, पण पैसे माणूस बघून देतो.

पोटनियम:
साठ पानांवर उतारा जुना अध्यक्ष नव्हे. कागद सात दिवस आधी हवेत आणि वर एकच पान: हातातली रोकड, राखीव निधीवर किती महिने निघतील, थकबाकीदार किती, वर्षभरात सोडून गेले किती. प्रत्येक विषयापुढे 'माहितीसाठी' की 'निर्णयासाठी' हे लिहायचं. निम्मी बैठक तिथेच वाचते. आणि देणगी माणूस बघून येत असेल, तर दुसरी मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून देणगीदाराच्या भेटीला दोघांनी जावं.

साधी सभासद:
तुम्ही दोघंही खुर्चीभोवती फिरताय. खरी गोम कार्यकारिणीच्या रचनेत आहे. नऊ जणांची समिती एकदम निवडली तर नऊही एकदम जाऊ शकतात. दरवर्षी तिघेच निवृत्त झाले तर सहा जाणते कायम राहतात. सुरुवातीला चिठ्ठ्या टाकायच्या: तिघांना एक वर्ष, तिघांना दोन, तिघांना तीन.

चुकतं कुठे, तर मधेच राजीनामा आला की. त्या जागी आलेल्याला उरलेलीच मुदत मिळाली पाहिजे. भिडेखातर पूर्ण तीन वर्षं दिली की चक्र बिघडतं आणि एखाद्या वर्षी पाच जागा एकदम रिकाम्या होतात. रोटरी क्लबात अध्यक्ष वर्षाचाच असतो, तरी गाडी चालते, कारण पुढचा आधीच निवडून शेजारी बसवलेला असतो.

जमाखर्च:
चक्र मान्य, पण चाळीस सभासदांच्या संस्थेत नऊ तयार माणसं आणायची कुठून? आणि हस्तांतर म्हणजे हार घालणं नव्हे. बँकेत सह्या बदलायचा ठराव इतिवृत्तात नीट नसेल तर बँक तो परत पाठवते. पगाराच्या दिवशी ओटीपी जातो जुन्या खजिनदाराच्या फोनवर आणि तो असतो विमानात. संकेतस्थळाचं नाव कुणाच्या तरी खासगी ईमेलवर, सभासदांची यादी माजी चिटणीसाच्या लॅपटॉपवर. हे दर तीन वर्षांनी करायचं?

पोटनियम:
दर तीन वर्षांनी केलं तर यादी ताजी राहते, बारा वर्षांनी केलं तर पासवर्ड कुणालाच आठवत नाहीत. तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या, संस्थेच्या नावाचा ईमेल, संस्थेचाच मोबाइल क्रमांक: एका दुपारचं काम. मात्र लहान संस्थेबाबत तुमचं म्हणणं पटतं. उमेदवारच नसेल तर सर्वसाधारण सभेने एकदाच, एका वर्षाची वाढ द्यावी. दोन-तृतीयांश मतांनी आणि गुप्त मतदानानेच, कारण अध्यक्ष व्यासपीठावर बसलेले असताना विरोधात हात कोण वर करणार?

जमाखर्च:
आणि मुदत संपलेल्यांना 'मार्गदर्शक' म्हणून शेजारची खुर्ची देणार, तेही बंद करा. नाहीतर नवा अध्यक्ष प्रत्येक ठरावाआधी तिकडे बघत बसतो. मर्यादेला माझा विरोध कायम आहे.

साधी सभासद:
दोन-तृतीयांश कशाचे? हजर सभासदांचे, झालेल्या मतांचे की एकूण सभासदांचे? हे घटनेत नसेल तर ज्या सभेत लागेल त्याच सभेत तासभर भांडण होईल, आणि तेवढ्यात कोरम उठून जाईल.