मदत हवी आहे: बॉयलरमधून येणारी खदखद
आमच्या घर उबदार ठेवणाऱ्या गॅस बॉयलरमधून गेल्या आठवड्यापासून, बर्नर पेटल्यावर दोन-तीन मिनिटांतच, किटलीत पाणी उकळू लागावे तशी खदखद ऐकू येते आणि पाणी तापत जाईल तशी ती वाढत जाते. यंत्रणा थंड असताना दाबमापकाचा काटा १.२ बारवर असतो. रेडिएटरमधली हवाही मी काढून पाहिली, पण फरक पडला नाही. आमच्या पाण्यात क्षार जास्त असल्याने आतल्या भागावर त्यांचा थर साचला असावा, असा माझा कयास आहे. मात्र पंप मंदावल्यानेही असाच आवाज येऊ शकतो. हे दोन दोष वेगळे कसे ओळखावेत? बॉयलरचे झाकण मी स्वतः उघडणार नाही, ते परवानाधारक तंत्रज्ञाचेच काम. परंतु त्याला बोलावण्यापूर्वी कोणत्या नोंदी करून ठेवाव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.