अलाबामाने पकडलेली जहाजं विकायची सोडून जाळली का?

सिंधुसखा:
अमेरिकन यादवी युद्धाबद्दल वाचतोय सध्या. दक्षिणेच्या अलाबामा या जहाजाने १८६२ ते १८६४ मध्ये उत्तरेची साठाच्या वर जहाजं पकडली आणि बहुतेक सगळी जाळली. दक्षिणेकडे पैशाची एवढी चणचण असताना मालासकट जहाज विकायचं सोडून आग का लावायची?

खलाशीमामा:
विकायला नेणार कुठे हो? स्वतःच्या बंदरांना उत्तरेच्या नौदलाचा वेढा, ब्रिटन-फ्रान्स तटस्थ आणि त्यांच्या बंदरात पकडलेली जहाजं आणायला दोन्ही बाजूंना बंदी. मग कॅप्टन राफेल सेम्स काय करायचा, ब्रिटिश वगैरे झेंडा लावून जवळ जायचा, मग आपला खरा झेंडा चढवून तोफेचा बार काढायचा, कागदपत्रं तपासायची, माणसं उतरवून घ्यायची, धान्यपाणी आणि क्रोनोमीटर (जहाजावरची अचूक घड्याळं) काढून घ्यायचे की लावली आग. माल तटस्थ देशातल्या व्यापाऱ्याचा आहे असे पक्के कागद असले किंवा कैदी फार झाले तर तेवढं जहाज खंडणीचा रोखा लिहून घेऊन सोडायचा, पैसे युद्ध संपल्यावर. दक्षिण हरली, रोखे गेले रद्दीत.

अनघा_के:
खरं नुकसान जाळलेल्या जहाजांचं नव्हतंच असं मला ठामपणे वाटतं, ते भीतीचं होतं. विम्याचे दर चढले, अमेरिकन झेंड्याखाली माल द्यायला व्यापारी तयार होईनात, मालकांनी शेकडो जहाजं परदेशी नावावर केली आणि युद्धानंतर ती परत अमेरिकन नोंदणीत घ्यायला काँग्रेसने नकार दिला. पण वेढा काही उठला नाही, कारण उत्तरेने पाठलागावर मोजकीच जहाजं सोडली. आणि अलाबामा इंग्लंडमधल्या बर्कनहेडला बांधलेलं, म्हणून १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले!

कोकणकिनारा:
हे जहाज आपल्याकडेही आलं होतं बरं का. जानेवारी १८६४ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ एमा जेन नावाचं अमेरिकन जहाज जाळलं आणि त्यावरची माणसं केरळातल्या अंजेंगोला उतरवली. तेव्हा इकडे मुंबईत कापसाचा भाव आभाळाला टेकलेला, कारण त्याच वेढ्यामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचत नव्हता. पुढे जूनमध्ये फ्रान्सच्या शेरबूर्गसमोर उत्तरेच्या किअरसार्ज या युद्धनौकेने तासाभरात अलाबामा बुडवलं. सेम्स मात्र एका इंग्रज यॉटवर चढून निसटला, ते वाचून आजही चीड येते मला.