पणजीत मांडवीच्या काठाने चालायचं आहे, आईचे गुडघे दुखतात – मदत हवी

मंडळी, आम्ही सावंतवाडीचे. पुढच्या रविवारी आईला आणि आत्याला घेऊन पणजीला जायचा बेत आहे. देवदर्शन, खरेदी काही नको, आईला फक्त मांडवीचा काठ बघायचाय. जुलै 1986 मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला, त्या पावसाळ्यात ती फेरीबोटीतून पलीकडे गेली होती. आता एसटी पुलावरून भुर्रकन पार होते आणि ही दरवेळी म्हणते, "नदी कुठे दिसली?"

जुनं सचिवालय ते मिरामार सरळ काठाकाठाने जायचं असं मी ठरवलं होतं. अंतर तीनेक किलोमीटर निघालं. आई सलग दहा मिनिटं चालते, मग बसायला जागा लागते. आत्या ठणठणीत आहे, पण तिला दर तासाला चहा लागतो (हा प्रश्न आम्हीच सोडवू).

तर यातला कुठला टुकडा चालावा, कुठला सोडावा? सावली आणि बाकडी कुठे आहेत? आणि पलीकडच्या काठावरच्या बेतीला जाणारी फेरीबोट गुडघेदुखीवाल्याला जमेल का? क्रूझ सुचवू नका. गेल्या खेपेला तासभर स्पीकरच ऐकला, नदी राहूनच गेली.

प्रतिसाद १
फेरीबोट जरूर करा. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे उतरूच नका, त्याच बोटीने परत या. फक्त ओहोटीला धक्क्याचा उतार निसरडा असतो, काकूंचा हात धरा. धक्क्यापासून जुनं सचिवालय आणि आबे फारियाचा पुतळा जवळच.

प्रतिसाद २
तिथून मिरामारच्या वाटेवरच्या कांपाल भागापर्यंत चालू नका, कॅसिनोंच्या जेटींपाशी गर्दी असते. रिक्षा करा. कांपालला जुन्या झाडांची दाट सावली आहे. कला अकादमीच्या मागे नदी अगदी समोर येते, शेजारच्या महावीर उद्यानातही बसता येतं. साडेचारनंतर जा. मिरामारला नदी समुद्राला मिळते, तिथे मात्र वाळूत चालावं लागेल.

धागाकर्ता
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मिरामार नको, बोटीच्या दोन फेऱ्या मारू." भरती-ओहोटीची वेळ बघतोय. परतीची शेवटची बस किती वाजता, कोणी सांगेल का?